पाऊणपट

माझ्या हिशोबाने त्या दिवशी दुपारी सव्वातीनला पूर्ण सुकती व्हायला हवी होती. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊला भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की सव्वातीन. आमच्या कोकणातल्या हेदवीच्या घरात वाढलेल्या कुठल्याही मुलाला हा हिशोब झोपेतही करता येतो. मलाही येतो. फक्त मी तो हेदवीत करत नव्हते. मी थायलंडच्या दक्षिणेला, अंदमान समुद्रातल्या को मुक नावाच्या बेटावर उभी होते आणि माझ्याबरोबर माझ्या ताईची तेरा वर्षांची मुलगी होती.

को मुक हे त्रांग प्रांतातलं लहान, शांत बेट आहे. थायलंडमधल्या बेटांची जी चित्रं आपल्या डोळ्यांसमोर येतात, तसली झगमग तिथे नाही. पूर्वेच्या अंगाला मासेमारांची वस्ती आहे, बहुतेक मुसलमान कुटुंबं. मधून रबराच्या बागा, अरुंद सिमेंटचे रस्ते, पश्चिमेला एक लांब वाळूचा किनारा आणि त्याच्या पलीकडे समुद्रात सरळ उतरलेले चुनखडीचे कडे. डिसेंबर २०२३ मध्ये नाताळच्या सुट्टीत आम्ही गेलो. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने त्रांग, तिथून व्हॅनने कुआन तुंग कू धक्का, मग होडी. मूळ ओढ भाचीची होती. जवळच्या को लिबोंगच्या आसपास डुगाँग, म्हणजे समुद्रगाई राहतात. मारियम नावाचं आईपासून तुटलेलं एक पिल्लू २०१९ मध्ये तिथल्या लोकांनी हाताने दूध पाजून सांभाळलं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते मेलं आणि त्याच्या पोटात प्लॅस्टिक सापडलं. ही गोष्ट भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी वाचली होती आणि तिला तो समुद्र बघायचा होता. मला बघायची होती ती गुहा.

थाम मोरकोत. थाम म्हणजे गुहा आणि मोरकोत म्हणजे आपला मरकत, पाचू. शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला. कड्याच्या पायथ्याशी समुद्राच्या पातळीवर एक तोंड आहे. तिथून पोहत आत शिरायचं. बोगदा सुमारे ८० मीटर लांब. सुरुवातीला बाहेरचं ऊन पाण्याखालून आत येतं आणि सगळं पाणी हिरवं पेटल्यासारखं दिसतं. मग वळण येतं आणि मिट्ट काळोख. वळण संपलं की पुढे पुन्हा उजेड आणि तुम्ही निघता ते एका गोल, उघड्या जागेत. चहूबाजूंनी सरळ उभे कडे, त्यांवर लोंबणारी झाडी, वर आभाळाचा तुकडा आणि खाली पांढऱ्या वाळूची छोटीशी पुळण. फार पूर्वी ही बंद गुहा असणार. पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळत गेली आणि एके काळी छत कोसळलं. अशा जागेला तिकडे ‘होंग’ म्हणतात, म्हणजे खोली. त्या खोलीला दार एकच, आणि ते समुद्राच्या ताब्यात.

आमचा होडीवाला पन्नाशीचा होता. तिकडे वडीलधाऱ्या मुसलमान पुरुषाला ‘बांग’ म्हणतात, मोठा भाऊ अशा अर्थाने, म्हणून आम्हीही तेच म्हणत होतो. त्याची होडी तिकडची नेहमीची लांब शेपटीची, मागे मोटारीचं इंजीन आणि त्याला जोडलेला लांबच लांब दांडा. आदल्या संध्याकाळी त्याने मला सांगितलं, उद्या बाराला निघू. किनाऱ्यावरच्या दुकानात एका फळ्यावर खडूने दुसऱ्या दिवशीच्या सुकतीची वेळ लिहिलेली होती, एक पन्नास. तिच्यावर त्याने बोट ठेवून दाखवलं.

मी म्हटलं, अडीचला निघू.

त्यामागे दोन कारणं होती आणि ती दोन्ही मला आज प्रामाणिकपणे लिहायची आहेत. पहिलं, गर्दी. दुपारी बारा ते दोन या वेळात आसपासच्या बेटांवरून सहलीच्या होड्या येतात आणि लाइफ जॅकेट घातलेली माणसं एकमेकांचे खांदे धरून साखळी करून, आरडाओरडा करत त्या बोगद्यातून जातात. मला ती जागा शांत हवी होती. दुसरं कारण जास्त खोलवरचं. फळ्यावरची वेळ आणि माझ्या पाऊणपटीची वेळ यांत जवळजवळ दीड तासाचा फरक होता आणि मला वाटलं, फळा चुकला आहे. त्या दुकानाच्या भिंतीवर थाई कॅलेंडर होतं. त्यावर तारखेखाली बारीक अक्षरांत चांद्र दिवस छापलेले असतात, शुद्ध पक्षाचे आणि वद्य पक्षाचे वेगळे, अगदी आपल्या तिथींसारखे. ते ओळखल्यावर मला केवढा आनंद झाला होता! हेही लोक चंद्रावरूनच पाणी मोजतात, मग हिशोब तोच असणार. होडीवाल्याला लवकर मोकळं होऊन दुसरी फेरी मारायची असेल, असंही माझ्या मनात आलं. त्या माणसाबद्दल असं वाटून घ्यायला त्याने मला काहीही कारण दिलेलं नव्हतं.

चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. हे सगळीकडे खरं आहे. पण अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरती किती वाजता यायची, हे प्रत्येक बंदराचं आपापलं असतं. किनाऱ्याचा आकार, तळाची खोली, खाडीची तोंडं यांवर ते ठरतं. तिथीची पाऊणपट हे आपल्या कोकणच्या पाण्याचं गणित आहे. त्यात आपला किनारा लपलेला आहे. हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाही कोणी बसवून विचारलं असतं तर मी सांगू शकले असते. पण मी स्वतःला विचारलंच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. सहलीच्या होड्या परत निघाल्या होत्या. मला वाटलं, जेवायची वेळ झाली असेल त्यांची. गुहेच्या तोंडाशी नीरव शांतता होती. बांगने पाण्याकडे बघितलं आणि हाताने वरची खूण करत दोनदा म्हणाला, ‘नाम खुन, नाम खुन.’ मग मोडक्या इंग्रजीत, तो बरोबर येतो म्हणून. मी नको म्हटलं. ऐंशी मीटर म्हणजे आमच्या पुण्याच्या तलावात तीन लांब्या आणि वर थोडं. मी आठवड्यातून चार दिवस चाळीस लांब्या मारते. भाचीही चांगली पोहते. तिला लाइफ जॅकेट घालायला लावलं, माझं मी होडीतच ठेवलं. कपाळाला बांधायचा एक स्वस्तातला दिवा होता, तो घेतला. एकच.

आत जाताना काहीच अडचण आली नाही. उलट पाणी आम्हाला मागून हलकेच ढकलत होतं आणि ती मला समुद्राची कृपा वाटली. पाणी आत चाललं आहे, म्हणजे ते वाढतं आहे, ही साधी गोष्ट माझ्या मनाला शिवली नाही. हिरव्या उजेडाच्या पट्ट्यात भाची थांबली, स्वतःचे हात पाण्याखाली धरून बघत राहिली. तिच्या बोटांच्या कडा चमकत होत्या. मग काळोख, मग पुन्हा उजेड आणि ती पुळण. आम्ही दोघीच. वर कुठेतरी एक पक्षी ओरडत होता आणि त्याचा आवाज कड्यांवरून फिरून येत होता. पुढे जे घडलं त्यामुळे मी त्या तासाला खोटं ठरवणार नाही. इतकी सुंदर जागा मी पाहिलेली नाही.

भाचीने रबरी चपला काढून वाळूवर ठेवल्या होत्या. पाऊण तासाने ती म्हणाली, ‘मावशी, चपला ओल्या झाल्या. मी वर ठेवल्या होत्या.’

मी घड्याळ बघितलं. पावणेचार. म्हटलं, ‘एखादी लाट आली असेल गं. आत्ता कुठे सुकती पूर्ण होऊन अर्धा तास झालाय. अजून तासभर तरी काही होत नाही.’

तिने चपला उचलल्या, आणखी वर ठेवल्या आणि गप्प बसली. तिने डोळ्यांनी बघितलेलं मी माझ्या पाढ्याने खोडून काढलं. सगळ्या चुकांत ही चूक मला सर्वांत जास्त आठवते. बाकीच्या चुका करताना माझ्यासमोर पुरावा नव्हता, इथे तो ओला होऊन समोर पडला होता.

साडेचारला निघालो. फळ्याप्रमाणे सुकती होऊन दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. पौर्णिमा तीन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाकडे जाणारी भरती. भरतीचे मधले दोन तास पाणी सर्वांत जास्त चढतं, हेही पाऊणपटीसारखं माझ्या वडिलांनीच, अण्णांनी, शिकवलेलं. आम्ही नेमक्या त्या दोन तासांच्या तोंडाशी होतो.

वळणापर्यंत ठीक होतं. वळणावर पहिला लोंढा आला. बाहेर दुपारनंतर वारा थोडा उठला होता आणि उघड्या समुद्रात ज्या लाटेने होडी जेमतेम हलते, ती त्या अरुंद नळीत शिरली की तिला बाजूला पसरायला जागा नसते. सगळं पाणी वर येतं. आम्ही उचलले गेलो आणि मागे फेकले गेलो. मी खडकाला धरायला गेले तर हाताला कालवं लागली, त्यांच्या कडा पात्यासारख्या. पुढच्या लोंढ्यात दिव्यात पाणी गेलं आणि तो विझला. मी भाचीचा हात धरला होता. तिसऱ्या लोंढ्यात तो सुटला.

किती वेळ सुटला ते मला सांगता येणार नाही. ती नंतर म्हणाली, पाचसहा सेकंद. मी तिच्या नावाने ओरडत होते आणि आवाज चारही बाजूंनी माझ्यावरच आदळत होता, त्यामुळे तिचं उत्तर कुठून येतं आहे ते कळेना. तलावात पोहताना हात पुढे टाकला की पंचवीस मीटरवर भिंत मिळते, खाली निळी रेघ असते. इथे वर कुठे, खाली कुठे हेच समजत नव्हतं. लाइफ जॅकेटमुळे ती तरंगत होती, पण त्याच कारणाने प्रत्येक लोंढ्याबरोबर ती छताकडे ढकलली जात होती. तिचा खांदा आणि डोक्याची एक बाजू खडकाला घासली. जॅकेट नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पुरता करू शकलेले नाही.

मग उजेड आला. बांग आत आला होता. बाहेरून तो बराच वेळ हाका मारत होता, त्या वळणापलीकडे पोचल्याच नव्हत्या. तो पोहत नव्हताच म्हणा ना. पाठीवर पडून, पाय पुढे करून, तळव्यांनी खडकाला हलकेच दूर सारत तो पाण्याबरोबर येत होता. त्याने भाचीच्या जॅकेटचा पट्टा धरला, मला स्वतःच्या कमरेची दोरी धरायला लावली आणि थांबला. नुसता थांबला. लोंढा आत आला, आम्ही वर गेलो, तो काही बोलला नाही. लोंढा परतायला लागला तसा ‘गो’ म्हणाला आणि आम्ही त्या परतीच्या पाण्याबरोबर पंधरावीस हात पुढे सरकलो. पुन्हा थांबणं. पुन्हा सरकणं. मी मघापासून येणाऱ्या पाण्याशी झगडत होते आणि जाणारं पाणी वाया घालवत होते. गुहेच्या तोंडाशी छत आता इतकं खाली आलं होतं की आम्ही चेहरे वर करून, नाक खडकाखालून काढत बाहेर आलो.

होडीत बसल्यावर बांगने बाटलीतलं गोडं पाणी भाचीच्या खांद्यावर ओतलं, स्वतःचा कोरडा पंचा तिला पांघरायला दिला. मला तो एक शब्दही बोलला नाही. भाची थरथरत होती, रडत नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाले ते हे: ‘आईला यातलं काही सांगू नकोस.’

तिने मान हलवली.

खोलीवर आल्यावर तिची जखम धुतली, पट्टी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी किनाऱ्यावर बांगला भेटायला गेले. क्षमा मागायला पुरेल एवढी भाषा आमच्या दोघांत नव्हती. मी हात जोडले. वेगळे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत, होडीचं ठरलेलं भाडं तेवढं घेतलं. मग मला त्या दुकानातल्या फळ्यापाशी नेलं. नवी वेळ लिहिलेली होती. कालच्या वेळेपेक्षा ती पाऊण तासाच्या आसपास पुढे होती. कॅलेंडरवरचा चांद्र दिवसाचा आकडा एकाने वाढलेला. त्याने दोन्हींवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. दुकानातल्या मुलीला मी ‘नाम खुन’चा अर्थ विचारला. नाम म्हणजे पाणी, खुन म्हणजे चढणं. आत शिरण्यापूर्वीच त्याने मला सांगितलं होतं आणि ते विचारून घ्यावंसंही मला वाटलं नव्हतं. आयुष्यभर समुद्रालगत राहिलेल्या माणसाला समुद्राबद्दलचे चार शब्द तरी परक्या गावी आधी विचारून घ्यावेत, नाही का? मी जेवणाचे पदार्थ पाठ केले होते, आभार मानायचं पाठ केलं होतं. पाण्याचे शब्द केले नव्हते, कारण पाणी मला येतं असं मी धरून चालले होते.

भाचीने शब्द पाळला. पाच महिने तिने ताईला काही सांगितलं नाही. खांद्यावरचा वण ‘खडकावर घसरले’ एवढ्यावर निभावला. मी फोनवर त्याला दुजोरा दिला. एकदा नव्हे, दोनतीनदा.

मे महिन्यात आम्ही सगळे हेदवीला जमलो. एका संध्याकाळी अण्णा, ताई, भाची आणि मी बामणघळीकडे गेलो. काळ्या कातळात समुद्राने कापलेली ती अरुंद घळ ज्यांनी बघितली आहे त्यांना ठाऊक असेल, भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत शिरते आणि वाट न मिळाल्याने सरळ वर उसळते. लहानपणापासून मी ते बघत आले आहे. भरतीच्या वेळी घळीच्या काठाशी जायचं नाही, ही आमच्या घरातली सर्वांत कडक ताकीद होती. तिकडे त्या बोगद्यात मी पोहत होते तेव्हा ही घळ मला एकदाही आठवली नाही.

भाची दूर, वरच्या वाटेवरच उभी राहिली. अण्णांनी हाक मारली, ‘ये गं, अजून पाणी लांब आहे.’ ती आली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, परवानगी मागणं होतं. तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्या भीतीचं कारण आईला सांगण्यासाठी माझी परवानगी मागत होती. तेव्हा मी सगळं सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या.

ताईने मला काही विचारलं नाही. तिने वर जाऊन मुलीच्या कुर्त्याची बाही सरकवली, वण बघितला, बोट फिरवलं. खाली येऊन म्हणाली, ‘पाण्याचं मी समजू शकते. माझ्याशी खोटं बोलायला तू तिला का शिकवलंस?’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि आजही नाही. भीती वाटली होती हे खरं, पण ती मुलीसाठी नव्हती. ताईच्या नजरेतून मी उतरेन याची होती.

अण्णा बराच वेळ गप्प होते. तरुणपणी ते मंगळुरी कौलं वाहणाऱ्या गलबतांवर होते, दूरदूरची बंदरं त्यांनी केलेली. त्यांनी पाऊणपटीबद्दल काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘आत शिरताना तोंडाशी खडक कोरडा होता की ओला?’

मी बघितलं नव्हतं.

‘उतरत्या पाण्याच्या वर खडक ओला राहतो,’ ते म्हणाले, ‘चढत्या पाण्याच्या वर कोरडा. लाटा सोडून द्यायच्या, थोडा वेळ उभं राहून बघायचं. दुसऱ्या बंदरात गेलो की मी हेच करायचो आणि तिथल्या माणसाला विचारायचो. तिथी घरी.’

मला लख्ख आठवलं. लहानपणी ते आम्हाला समुद्रावर न्यायचे तेव्हा पाण्यात पाऊल टाकण्याआधी दर वेळी एका ठरावीक खडकापाशी थांबायचे, वाकून बोट लावायचे. ते विडी विझवतात असं मला वाटायचं. पाढा त्यांनी तोंडाने शिकवला म्हणून तो माझ्या लक्षात राहिला. हे ते न बोलता करत होते.

मग ते स्वतः घळीच्या अलीकडच्या खडकापर्यंत उतरले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्यावर हात टेकत. भाची वरून बघत होती. थोड्या वेळाने ती सावकाश खाली आली, माझ्या बाजूने नाही, पलीकडून. अण्णांनी तिचा हात धरून पाण्याच्या रेघेच्या वर टेकवला. आम्ही सगळे थांबलो. दोन लाटा आल्या आणि गेल्या, तिसरी आली.

‘कोरडा आहे,’ ती म्हणाली. हात काढून घेतला आणि वर आईपाशी गेली.